श्रद्धा आणि सातबारा

विदर्भात सेवेची परंपरा तोकडी नाही. यवतमाळ जिल्ह्याभोवती तर तिचे कडेच पडले आहे. उत्तरेला अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचे शेंडगाव आणि तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी, लगतच्या वर्धा जिल्ह्यात गांधींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन, पश्चिमेला वाशीम जिल्ह्यात बंजारा समाजाची पोहरादेवी आणि नागपुरात दीक्षाभूमी. खुद्द यवतमाळ शहरात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, तोवर तीस वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांतले तरुण ख्रिस्ती सेवेचे शिक्षण घ्यायला या गावात येऊन राहत होते. दीनदयाल बहुउद्देशीय प्रसारक मंडळासारखी वेगळ्या विचारांची संस्था पारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, काम करत आली आहे. म्हणजे श्रद्धेपोटी परक्या मुलखात येऊन लोकांमध्ये राबणे इथल्या मातीला नवे नाही. आणि तरीही गेल्या दोन-अडीच दशकांत यवतमाळचे नाव देशभर पोचले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. इतकी श्रद्धा, इतकी सेवा आणि इतके दुःख एकाच मुलखात शेजारी शेजारी कसे राहते? चर्च, आश्रम, मठ, विहार किंवा जकातीच्या पैशावर चालणारी संस्था यांच्यामार्फत सामाजिक न्यायाच्या कामाची वर्षभराची इंटर्नशिप करायला इथे येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने बॅग भरण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. पुढची सगळी प्रकरणे वाचताना तो सोबत असावा, म्हणून ही प्रस्तावना.

माझे म्हणणे असे आहे की श्रद्धा माणसाला घराबाहेर काढते, अनोळखी गावी नेते आणि काम रटाळ झाल्यावरही तिथे टिकवून धरते. हे तिचे काम फार मोठे आहे. पण कोणावर नेमका कोणता अन्याय झाला, तो कोणत्या कायद्याने दूर होईल, अर्ज कोणत्या टेबलावर अडकला आहे, हे श्रद्धेतून कळत नाही. ते गावकऱ्यांकडून, तलाठ्याकडून, वकिलाकडून, हॉस्पिटलच्या वॉर्डातून शिकावे लागते. तेव्हा श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या इंटर्नशिपची कसोटी प्रार्थना किती झाल्या, शिबिरे किती भरली, किती घरी धान्याचे किट पोचले, ही असू शकत नाही. वर्षअखेर एखाद्या बाईचे नाव सातबाऱ्यावर चढले का, एखाद्या पोडाचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीचा, वनहक्काचा दावा पुढच्या समितीकडे सरकला का, निदान तो का सरकला नाही हे इंटर्नला आणि पोडातल्या लोकांना नीट सांगता येते का, हीच खरी कसोटी. ही मागणी कोरडी वाटेल, भक्तिभावाला कमी लेखणारी वाटेल. या भूमीतल्या श्रद्धेच्या सर्वांत मोठ्या प्रयोगाकडे पाहिले की तिची गरज पटते.

तो प्रयोग म्हणजे भूदान. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिले दान मिळाले आणि पवनारचा हा माणूस पुढे तेरा-चौदा वर्षे देशभर पायी फिरला. जगाच्या इतिहासात केवळ शब्दावर, कसलीही सक्ती नसताना, लोकांनी चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन देऊ केल्याचे दुसरे उदाहरण सापडणार नाही. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि या दानाची कायदेशीर व्यवस्था लागावी म्हणून १९५३ मध्ये तिथे भूदान यज्ञाचा स्वतंत्र कायदाही झाला. म्हणजे भावनेच्या मागोमाग कायदा आला होता. पण जमिनीचे दान मंचावर होते आणि जमिनीचा ताबा गावात मिळतो. कुठे दानपत्रावर गट नंबरच नव्हता, कुठे दिलेली जमीन खडकाळ होती, कुठे तिच्यावर आधीचा वाद होता, कुठे दात्याच्या मुलांनी बापाचा शब्द मानला नाही. देशभर देऊ केलेल्या जमिनीचा फार मोठा वाटा भूमिहीनांपर्यंत कधी पोचलाच नाही, आणि ज्यांना पोचला त्यांच्यातल्याही अनेकांना नोंदीसाठी वर्षानुवर्षे चकरा माराव्या लागल्या. यावरून विनोबांची श्रद्धा खोटी होती असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. मला तो अन्यायकारक वाटतो. श्रद्धेने तिच्या वाट्याचे काम चोख केले होते. मोजणी, फेरफार आणि ताबापावती यांच्यासाठी तितक्याच निष्ठेने गावोगाव बसणारी माणसे मात्र पुरेशी तयार झाली नाहीत. पदयात्रेत चालणारे हजारो मिळाले, पण तलाठ्याच्या दप्तरापाशी चिकाटीने बसणारे फार थोडे मिळाले. आजच्या इंटर्नची जागा तिथे आहे.

आता त्या दप्तरापाशी जवळून पाहू. शेतकऱ्याने आत्महत्या केली की कुटुंबाला शासनाची १ लाख रुपयांची मदत असते. तिची जी रीत २००५-०६ पासून ठरली तिच्यात ३० हजार रुपये रोख आणि ७० हजार ठेवीत. ती मिळायची तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे 'पात्र' ठरावे लागते. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, शेतीचा सातबारा, बँकेचे किंवा सोसायटीचे थकीत कर्जाचे पत्र, तलाठ्याचा आणि तहसीलदारांचा अहवाल. ही यादी वाचताना अडचणी दिसत नाहीत, पण एकेका कागदाखाली एकेक भोक आहे. जो माणूस दुसऱ्याची जमीन ठेक्याने किंवा बटईने करत होता त्याचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसते. ज्याने बियाण्याचे आणि खताचे पैसे कृषी केंद्रातून उधारीवर उचलले, किंवा बिनपरवाना सावकाराकडून घेतले, त्याचे कर्ज कागदावर नसते, आणि कागदावर नसलेले कर्ज समितीला दिसत नाही. प्रकरण 'अपात्र' होते. घर तेच, पऱ्हाटी तीच, मरण तेच. पात्र ठरले तरी पुढचा प्रश्न जमिनीचा. कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, फेरफार नोंदवायचा, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, इतकी सरळ ही वाट आहे. तरी महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे मकामने, २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांचे सर्वेक्षण केले तेव्हा सुमारे ४० टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. सासऱ्याला आपल्या नावावरची जमीन वाटून द्यायची नसते, दिराची हरकत असते, आणि बहुतेक वेळा कोणी तिला अर्ज करायचा असतो हेच सांगितलेले नसते. अशा घरी धान्याचे किट पोचवणारा सेवक चांगलाच माणूस असतो. पण त्या बाईला दरवर्षी त्याच्या किटची वाट पाहायला लागू नये, यासाठी काम करणारा माणूस तिला जास्त उपयोगी आहे.

इथे श्रद्धावान तरुणाला वाटू शकते की मग माझ्या श्रद्धेला या कागदांत जागा ती काय. जागा आहे, आणि ती जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिण भागातल्या कोलामांच्या पोडांवर फार स्पष्ट दिसते. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत त्यांची पोडे आहेत. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि त्याचे नियम २००८ मध्ये आले. त्या नियमांत कोणते पुरावे ग्राह्य धरायचे हे सांगणारा तेरावा नियम प्रत्येक इंटर्नने मुळातून वाचावा असा आहे. सरकारी कागद, नकाशे, दंडाच्या पावत्या यांच्याबरोबर तिथे दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून मान्य आहेत. सामूहिक हक्कांसाठी पवित्र झाडे, देवराया, तळी, दफनभूमी, जुन्या बांधकामांचे अवशेष हेही पुरावेच आहेत. कोलामांच्या भीमायक देवाचे ठाणे कुठे आहे, वाडवडिलांना कुठे पुरले, कोणत्या झाडाखाली सण साजरा होतो, हे पोडातल्या म्हाताऱ्याने सांगितले आणि ते नीट लिहून, नकाशावर दाखवून, ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडले, तर श्रद्धेची जागाच हक्काचा पुरावा होते. ज्याने स्वतः कधी देवळात, मशिदीत, चर्चमध्ये किंवा विहारात मान झुकवली आहे त्याला त्या ठाण्याचे मोल पटकन कळते. त्याला म्हाताऱ्याचे बोलणे भाबडे वाटत नाही. माझ्या मते श्रद्धा असलेल्या इंटर्नचा खरा फायदा हाच, आणि तो वापरायचा तर आपली श्रद्धा बाजूला ठेवून त्याच्या श्रद्धेचे ऐकण्याची तयारी लागते. जबाब घाईने लिहिला, गाव ओलांडून गेलेली पायवाट चुकीच्या दिशेला दाखवली, कोलामी बोलीतले ठिकाणाचे नाव मराठी कानाने भलतेच टिपले, तर उपविभागीय समितीत तोच दावा त्रुटी काढून परत येतो. तिथे भक्तीपेक्षा अक्षर आणि नकाशा महत्त्वाचा ठरतो. म्हणूनच बोलीचे दोन-चारशे शब्द शिकल्याशिवाय कोणाला जबाब लिहायला बसवू नये. हे कोलामीला लागू आहे, गोंडीला आहे, आणि पुसद, दिग्रस, आर्णी भागातल्या तांड्यांवर बोलल्या जाणाऱ्या गोरमाटीलाही आहे. वऱ्हाडी आपल्याला कळतेच असे पुण्या-मुंबईच्या मुलांना वाटते. सुरुवातीचा महिनाभर ती नीट कळत नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

शिकण्याची अशी व्यवस्था शक्य आहे का, असे कोणी विचारेल. शेजारच्या सेवाग्रामला ती अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसला प्रवेश मिळालेली मुले सुरुवातीचे पंधरा दिवस गांधींच्या आश्रमात काढतात. सर्वधर्म प्रार्थना, सूतकताई, श्रमदान, साधे जेवण. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे पंधरा दिवसांचे शिबिर होते, एकेका विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात, आणि पुढे त्या कुटुंबांची तब्येत तपासायला त्याने परत परत जायचे असते. या रचनेत मला दोन गोष्टी नेमक्या वाटतात. आश्रमातले दिवस आणि गावातले दिवस यांची सांगड तिथे आपोआप पडेल असे गृहीत धरलेले नाही, ती अभ्यासक्रमात बांधलेली आहे. आणि विद्यार्थ्याला अख्खे गाव सुधारायला सांगितलेले नाही, चार-पाच घरे नीट ओळखायला सांगितली आहेत. यवतमाळला येणाऱ्या इंटर्नलाही एक तालुका देऊन टाकण्यापेक्षा पाच-सहा घरे आणि त्यांच्या पाच-सहा फाइली द्याव्यात. वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला तर तहसील कचेरी, पंचायत समिती, जिल्हा बँक, सेतू केंद्र, पोलीस ठाणे हे सगळे जाळे आपोआप समजते. बाहेरून जिल्हा 'समजून घ्यायला' निघालेल्याच्या हाती मात्र बहुधा आकडेवारीच लागते.

पाच-सहा फाइलींना वर्ष कशाला, दोन महिन्यांची इंटर्नशिप का चालू नये, असे महाविद्यालये विचारतात. कापसाचे वर्ष पाहिले की उत्तर मिळते. जूनमध्ये पेरणी, त्याआधी मे महिन्यात पीककर्जासाठी बँकेच्या रांगा आणि जुने कर्ज नवे करून घेण्याची धावपळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फवारणी. २०१७ मध्ये याच काळात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण शासकीय रुग्णालयात दाखल झाले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, मास्क-हातमोजे नाहीत, निरनिराळी औषधे एकत्र करून मारलेली, आणि फवारणारा बहुतेक ठिकाणी मजुरीवर आलेला माणूस. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने पीकही खाल्ले. दसरा-दिवाळीपासून वेचणी, मग जिनिंगवर किंवा सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर विक्री, चुकाऱ्याची वाट, आणि मार्चला वसुली. जो इंटर्न डिसेंबरात सहा आठवडे येतो त्याला पांढरीशुभ्र शेते आणि वेचणीची गाणी दिसतात. तो परत जाऊन शेतकऱ्यांच्या साधेपणावर लिहितो. फवारणीतला आणि मार्चमधला शेतकरी त्याने पाहिलेलाच नसतो. म्हणून इंटर्नशिप मे महिन्यात सुरू व्हावी आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालावी. महाविद्यालयांच्या सुट्ट्यांना हे सोयीचे नाही, पण शेतीचे वेळापत्रक त्यांच्या सोयीने बदलणार नाही.

पहिला गंभीर आक्षेप धर्माचाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्रद्धेवर उभी असलेली संस्था गरिबाच्या घरात शिरते ती न्यायासाठी की माणसे आपल्याकडे ओढण्यासाठी, हा संशय गावागावांत आहे. तो ख्रिस्ती संस्थांवर जास्त घेतला जातो, पण हिंदू आणि मुस्लिम संस्थांबद्दलही तो खेड्यातला माणूस मनात बाळगून असतो. बोलून दाखवत नाही एवढेच. संशय सरसकट निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आजारी मुलाच्या उशाशी मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा त्या घरावर आणखी एक अन्याय आहे, मग मागणारा कोणत्याही धर्माचा असो. यावर उपाय मात्र श्रद्धा लपवणे हा नाही. आपण कोणाकडून आलो, पैसा कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ग्रामसभेत किंवा सरपंचांसमोर स्पष्ट सांगावे. मदतीला प्रार्थनेची अट नसेल हे बोलून दाखवावे. अर्ज लिहून देण्याचे काम सर्वांसाठी खुले असावे, आणि हे काम समाजमंदिरात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत व्हावे, संस्थेच्या प्रार्थनास्थळात नाही. विदर्भाला हेही विसरता येणार नाही की या भूमीत श्रद्धेच्या मार्गाने न्याय मागण्याची सर्वांत मोठी घटना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घडली. बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्यामागे वीस वर्षांचा विचार होता, राज्यघटना होती, आणि कोणाच्या दयेवर जगायचे नाही हा निर्धार होता. श्रद्धा बदलणे हा तिथे माणसाने स्वतः, पूर्ण विचाराने केलेला निर्णय होता. मदतीच्या आडून केलेल्या ओढाताणीशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही, आणि इंटर्नला हा फरक पहिल्याच आठवड्यात समजला पाहिजे.

दुसरा आक्षेप डाव्या आणि शेतकरी चळवळींकडून येतो, आणि मला तो पहिल्याहून जास्त वजनदार वाटतो. श्रद्धा माणसाला सोसायला शिकवते. पिकाला भाव नाही हे धोरण असते, ते ती नशीब करून टाकते. आत्महत्याग्रस्त गावांत ताणमुक्तीची शिबिरे भरवून, प्राणायाम आणि प्रवचन देऊन, भावाचा आणि कर्जाचा प्रश्न मनाच्या कमकुवतपणाचा करून टाकला जातो, असे ते म्हणतात. यातले बरेच खरे आहे. मानसिक आधार लागतोच, पण ज्याचे वीजबिल थकले आहे त्याला फक्त श्वास मोजायला सांगणे ही थट्टा होते. शेतकरी साहेबराव करपे महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे. गावचे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर इथे पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. या माणसाकडे श्रद्धेची उणीव होती असे कोण म्हणेल? पण त्याच घटनेला धरून पुढे काय उभे राहिले ते पाहा. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून त्याचे प्रवर्तक अमर हबीब आणि त्यांच्यासोबत अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात. उपवास हे श्रद्धेचे जुने रूप आहे. त्या उपवासासोबत मात्र नेमकी मागणी आहे, सीलिंगचा कायदा, आवश्यक वस्तूंचा कायदा आणि जमीन अधिग्रहणाचा कायदा रद्द करण्याची. या मागणीशी सहमत असणे गरजेचे नाही. सीलिंगबद्दल माझे मत वेगळे आहे, भूमिहीनांचा विचार केला की ते वेगळे होणारच. पण श्रद्धेचे रूप आणि कायद्याचे कलम एकत्र आले की श्रद्धा म्हणजे नुसता सोशिकपणा उरत नाही, एवढे तरी या उपवासातून सिद्ध होते. आक्षेप घेणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे.

मग हे काम समाजकार्य महाविद्यालयांनीच का करू नये? ती करतातच. यवतमाळात समाजकार्याचे महाविद्यालय आहे, त्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्याला जातात, आणि इंटर्नने त्यांच्यापासून वेगळी चूल मांडण्याऐवजी त्यांच्याकडे शिकायला जावे. श्रद्धावान गटाकडे जास्तीचे काय असते, तर माणसे न बदलता टिकून राहण्याची शक्यता. प्रकल्प तीन वर्षांचा असतो, निधी संपला की कार्यालय बंद होते. ख्रिस्ती मंडळी, मठ, विहार, मशिदीची कमिटी निधी संपल्यावरही गावातच असतात. वनहक्काचा दावा किंवा बेकायदा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्याचा जिल्हा उपनिबंधकांकडचा अर्ज, ही दोन्ही वर्षावर वर्षे चालणारी कामे आहेत. तारखेला जाणारा माणूस तोच असला तर बाईला धीर राहतो आणि समोरच्यालाही कळते की ही फाइल विसरली जाणार नाही.

शहराबद्दल थोडे. खेड्यात जायला उत्सुक असलेली मुले यवतमाळ शहराला केवळ राहण्याची जागा समजतात. वास्तविक जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतला अन्याय एसटीने याच शहरात येतो. मुर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडल्यावर तर एसटी हाच आधार. उमरखेडचा माणूस पहाटे निघतो आणि वणीची बाई दुसऱ्या टोकाकडून, ती जिल्हाधिकारी कार्यालयासाठी, कोर्टासाठी, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलसाठी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आलेली माणसे पाहिली की जिल्ह्याचा नकाशा समजतो. त्या पिशवीत बहुधा मूळ कागद असतात, झेरॉक्स नसते, आणि पोच घेतलेली नसते. इंटर्नने शिकवण्याची पहिली गोष्ट हीच असावी, आणि ती कोणत्याही धर्मग्रंथाआधी शिकवता येते. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का. हॉस्पिटलच्या आवारात झाडाखाली डबे उघडून बसलेल्या नातेवाइकांना केसपेपर वाचून दाखवणे, मोफत उपचाराच्या योजनेत काय बसते ते सांगणे, हीसुद्धा न्यायाचीच कामे आहेत, आणि त्यांच्यासाठी गावात घर घेण्याची गरज नाही.

पण कोणी कोणाला शिकवायचे हे ठरवताना गल्लत होते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा त्याचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, आणि हरीश इथापे यांच्या 'तेरवं' या नाटकात स्वतःसारख्याच स्त्रियांसोबत उभ्या राहिलेल्या. त्यांच्यासारख्या बायकांना दुःखाची साक्ष देण्यासाठी मंचावर बोलावणे आपल्याला जमू लागले आहे. त्यांना इंटर्नच्या शिक्षिका म्हणून नेमणे, त्यासाठी मानधन देणे, इंटर्नच्या मूल्यमापनात त्यांचे मत घेणे, हे अजून कुठल्या संस्थेच्या नियमात लिहिलेले दिसत नाही. ते लिहावे. बाहेरून येणाऱ्या पदवीधराला विद्यावेतन आणि फेरफाराची सगळी पायरी न पायरी माहीत असलेल्या बाईला फक्त हार, ही वाटणी न्यायाची भाषा बोलणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

संस्थांनी आणखी एक गोष्ट करावी, कारण वर्षाच्या शेवटी सर्वांत जास्त नुकसान तिच्याअभावी होते. इंटर्न जातो आणि त्याच्याबरोबर माहितीही जाते. कोणत्या तारखेला कोणता अर्ज दिला, पोच कुठे आहे, मंडळ अधिकाऱ्याने काय त्रुटी काढली, हे त्याच्या मोबाइलमध्ये राहते. नवा येतो आणि त्या घराला तेच प्रश्न पुन्हा विचारतो. तिसऱ्या वर्षी घर दार उघडते पण बोलत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाची फाइल सुरुवातीपासून दोन प्रतींत ठेवावी, एक संस्थेत आणि एक त्या घरात, घरच्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, तारखांच्या क्रमाने. शेवटचा महिना नवे काम न घेता फक्त सोपवणुकीचा असावा, आणि मे महिन्यात काम सुरू करणारा नवा इंटर्न त्याआधीच येऊन जुन्यासोबत त्याच पाच-सहा घरी, त्याच तहसील कचेरीत, निदान दोन आठवडे फिरावा.